उजवीकडची खुर्ची

आमचा विक्रम विमान चालवतो. मांडवगण फराट्यात हे सांगताना माणसं आवाज चढवतात. गावावरनं विमान गेलं की पोरं अजूनही 'विक्रमदादा, टाटा' म्हणून ओरडतात, मग ते विमान कुणाचं का असेना. मी त्याची थोरली बहीण, अनुपमा. मी त्याला शेंबडा असताना पाहिलेलं आहे, त्यामुळे मला आवाज चढवायची गरज वाटत नाही. माझं मत विचाराल तर विक्रमचं लक्ष आभाळात कमी आणि दुसऱ्याच्या ताटात जास्त असतं. हा गुण त्यानं कुठं शिकून आणलेला नाही, तो पोटातनंच घेऊन आलाय.

आई दूध वाटायला बसली की हा दोन्ही पेले शेजारी शेजारी ठेवायचा आणि जमिनीला गाल टेकवून बघायचा, कुणाच्या पेल्यात साय जाड आहे. माझ्या पेल्यात जाड असली की भोकाड पसरायचा. त्याच्या पेल्यात जाड असली तरी त्याला आनंद व्हायचा नाही, कारण मग मी का रडत नाही याचा त्याला संशय यायचा. मला सातवीत चष्मा लागला, तर यानं 'मलाबी कमी दिसतंय' म्हणून घर डोक्यावर घेतलं. शेवटी आबांनी शिरूरच्या बाजारातनं बिननंबरी चष्मा आणला. तो घालून हा उंबऱ्याला अडखळला आणि दात पाडून घेतला. तरी चष्मा काढला नाही.

आबा म्हणजे आमचे वडील, मारुतराव. ते त्याला शाळेत घालायला गेले तेव्हा मी बरोबर होते. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. विक्रम नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाला हे आमच्या सगळ्या घराला पाठ होतं. पण आबा म्हणाले, "लिवा की एक जून. आन् साल पुढचं टाका गुरुजी. नोकरीत शेवटाला तेवढंच पदरात पडंल." आमच्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गुरुजींनीही मान वर न करता लिहून टाकलं. विक्रम बसल्या जागी दहा महिन्यांनी लहान झाला.

खरी तारीख एकाच ठिकाणी आहे. त्याच्या बारशाला मल्हारीमामानं स्टीलचं ताट दिलं होतं. त्यावर 'चि. विक्रम' आणि खाली जन्मतारीख, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली. लग्न होऊन मी केडगावला आले तेव्हा ते ताट बरोबर आणलं, कारण भाऊबीजेला विक्रमला त्याच ताटात जेवायचं असतं. दुसऱ्या ताटात वाढलं तर अजून चेहरा पाडतो.

केडगावात मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्या मागच्या आळीत पोपट ओव्हाळ राहायचे, रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. त्यांच्या बायको ताईबाई. मी केडगावात नवीन असताना मला पहिला चहा पाजला तो ताईबाईंनी. त्यांचा सम्राट बारावीला माझ्याकडे फिजिक्स विचारायला यायचा. शांत पोरगा. एकदा समजलं की पुन्हा विचारायचा नाही, आणि समजलं नाही तर समजल्याचं सोंग करायचा नाही. विक्रमच्याच इयत्तेत, फक्त शाळा वेगळी. पोपटमामा पडले रेल्वेचे माणूस. पोरगं झालं त्याच आठवड्यात त्यांनी जानेवारीची खरी तारीख नोंदवून टाकली होती. म्हणजे खरं पाहता विक्रम सम्राटपेक्षा पाच महिन्यांनी मोठा, आणि कागदावर पाच महिन्यांनी लहान. हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

एका रविवारी पेपरात बारामतीला विमान शिकवतात त्याची जाहिरात आली. ती आधी मी वाचली. माझं वय बसतं का तेही बघितलं. वय बसत होतं, पण कडेवर पोरगी होती आणि मला आभाळ पाहिजे का असं कुणी कधी विचारलेलं नव्हतं. मला त्या दिवशी सगळ्या पुरुषांचा राग आला. मग मी ती जाहिरात कापली आणि सम्राटला दिली.

राखीला विक्रम आला तेव्हा सम्राट दारातनंच ओरडला, "ताई, फॉर्म मिळाला!" विक्रमचा घास हातातच राहिला.

"कसला फॉर्म?"

मी सांगितलं.

"ह्याला जाहिरात दिलीस? मला न्हाई?"

"तुला शेतकी कॉलेजात जायचंय ना? विमानाची आवड कवापासनं?"

"आत्तापासनं," तो म्हणाला.

आमच्या गावचा पहिला पायलट असा झाला. गावाला वाटतं जिद्दीनं झाला.

सम्राटला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. त्यावरनंही विक्रमनं तोंड वाकडं केलं. "त्याचं काय, सरकार हाय त्याच्या पाठीशी." मी त्याला तिथंच फटकारलं, "तुझ्या पाठीशी आबांचा ऊस हाय. तो कुणाला दिसत न्हाई व्हय?" विक्रम गप्प झाला. पण त्याचं गप्प होणं म्हणजे पटणं नव्हे. तो साठवून ठेवतो.

दोघं एकाच वेळी शिकले, एकत्रच परीक्षा दिल्या आणि एका मोठ्या जुन्या विमान कंपनीत एकाच दिवशी रुजू झाले. आणि तिथं आबांच्या एक जूननं घात केला.

त्या कंपनीत पायलटांची युनियन तगडी होती. युनियननं पूर्वी भांडून एक गोष्ट मिळवलेली. पायलटांची एकच रांग, जो आधी आला तो वर. साहेबाचा भाचा असो की मंत्र्याचा जावई, मधे घुसायचं नाही. एकाच दिवशी आलेल्यांत वयानं मोठा तो वर. सुट्टी कुणी आधी निवडायची, कुठल्या गावाला राहायचं, आणि मुख्य म्हणजे कॅप्टन कुणी आधी व्हायचं, सगळं या रांगेनं ठरायचं. विमानात पुढं दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन, त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या. उजवीकडे त्याचा जोडीदार, त्याला तीन. उजवीकडनं डावीकडे जायला माणसाची दहा-दहा वर्षं जातात.

रांगेत सम्राटच्या पाठोपाठ विक्रम आला. मधे कुणी नाही. रोज उठून एकच पाठ बघायची.

"मी मोठा हाय त्याच्यापेक्षा!" विक्रम माझ्या स्वयंपाकघरात थयथयाट करायचा. "खराखुरा मोठा! हे ताट घेऊन जाऊ का कंपनीत? दाखवू का साहेबाला?"

"जा की," मी म्हणायचे. "जाताना त्यात शिरा घालून देते."

आबांना त्यानं एकदा जाब विचारला, तर आबा शांतपणे म्हणाले, "शेवटाला एक वरीस जादा मिळंल ना? मग?" विक्रमनं कपाळावर हात मारला.

सम्राटला यातलं सगळं माहीत होतं. त्यानं कधी चिडवलं नाही, आणि विक्रमला नेमकं तेच झोंबायचं. चिडवलं असतं तर भांडता आलं असतं. दोघंही उजव्या खुर्चीतले, त्यामुळे एका विमानात कधी बसले नाहीत. पण पुढचं चित्र विक्रमच्या डोळ्यांपुढे पक्कं होतं. सम्राट आधी कॅप्टन होणार. मग कधीतरी कंपनी दोघांना एकत्र पाठवणार. सम्राट डावीकडे बसणार आणि हा उजवीकडे बसून त्याला एकेक बटण वाचून दाखवणार, त्यानं 'हां' म्हटलं की पुढचं वाचणार. "मेलो तरी त्या खुर्चीत बसणार न्हाई, ताई," तो म्हणायचा. हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलं की मला त्या खुर्चीचा रंगसुद्धा दिसायला लागला.

सुट्टीचंही तेच. दिवाळीत विमानं भरून वाहतात, सुट्ट्या मोजक्या. वरच्यानं निवडायची, उरेल ती खालच्याला. पण भाऊबीज मात्र विक्रमला दरवर्षी मिळायची. "नशीब, नेमकी तीच उरती," तो म्हणायचा. सम्राट दुसऱ्या दिवशी यायचा, बायको माया आणि पोरीला घेऊन. त्यांच्या घरात दिवाळी नाही, ओवाळणं नाही. मी ओवाळत नसे, तो ओवाळून घेत नसे. "जेवण मात्र सोडणार न्हाई, ताई," म्हणायचा आणि पुरणपोळीवर तूप मागायचा. विक्रमला हेही खुपायचं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचा, "काय काय केलं व्हतंस त्याला?" मी म्हणायचे, तुला केलं तेच. त्यावर, "ताजं केलंस का माझ्यातलं उरलेलं दिलंस?" मी म्हणायचे, ताजं. मग फोन बंद.

पुढं कंपनीचे मालक बदलले. नव्या मालकांना रांग नको होती. कॅप्टन कुणाला करायचं ते आम्ही ठरवू, पगार उडाल त्या तासांचा, पटत असेल तर सही करा. पायलटांनी नकार दिला. मालकांनी बढत्याच बंद करून टाकल्या. नेमक्या तेव्हाच कॅप्टनच्या जागा निघायच्या होत्या आणि रांगेत पहिला नंबर सम्राटचा होता, दुसरा विक्रमचा. दोघंही तिथंच अडकले.

याच सुमाराला झेप एअर नावाची नवी कंपनी निघाली. तिला पायलट हवेत, ताबडतोब हवेत. येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून डावी खुर्ची. अट एकच, कुठल्याही युनियनमध्ये नाही आणि पुढंही जाणार नाही असं लिहून द्यायचं. जुन्या कंपनीच्या मालकांना हे बरंच झालं. जितके पायलट तिकडं जातील तितकी युनियन खिळखिळी होणार. म्हणून युनियननं सभा घेतली. तडजोड होईपर्यंत कुणी झेपमध्ये जायचं नाही, ज्याला मान्य आहे त्यानं हात वर करा. सगळ्यांनी हात वर केले. विक्रमनं दोन्ही केले. सम्राट कमिटीत होता, तो समोर उभा राहून बघत होता.

पंधरवडा जातो न जातो तोच विक्रम केडगावला आला. सांगून न आलेला विक्रम म्हणजे काहीतरी घेऊन आलेला विक्रम. ओट्याला टेकून उभा राहिला.

"झेपनं बोलावलंय. पुण्यात हॉटेलात मुलाखती हायेत."

"हात कुणी वर केले व्हते?"

"सगळ्यांनीच केले व्हते. सगळे जाणार हायेत, बघ तू. आन् मी कशापायी थांबू? युनियन जिंकली तर पहिला कॅप्टन कोन? सम्राट. त्याला चांगलंच हाय युनियन युनियन करायला. मी भांडायचं आन् त्यानं डावीकडं बसायचं."

"त्याच्या मागोमाग तूच."

"मागोमागच ना!" तो ओरडला. पातेल्यातलं दूध उतू गेलं तरी त्याला कळलं नाही.

मी गॅस बंद केला. म्हटलं, "विक्रम, एक सांग. तुला कॅप्टन व्हायचंय, का सम्राटच्या आधी व्हायचंय?"

त्यानं गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाला, "तुला तो सख्खा हाय. मी सावत्र." आणि चहा न घेता निघून गेला. बाकी कशाचा नाही, पण चहाचा मला राग आला. आमच्या घरातनं कुणी असं जात नाही.

त्या हॉटेलात काय झालं ते मला एकानं एक सांगितलं आणि दुसऱ्यानं दुसरं. दोन्ही जुळवून सांगते.

विक्रम भांग पाडून, कोट घालून हॉटेलात शिरला. समोर लिफ्टच्या बाजूच्या सोफ्यावर सम्राट बसलेला. पांढरा स्वच्छ शर्ट, मांडीवर फाइल. विक्रम खांबाआड झाला. आधी त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वा रे पुढारी! आम्हाला हात वर करायला लावतो आणि स्वतः फाइल घेऊन बसतो! युनियनच्या ग्रुपवर फोटो टाकावा असं त्याच्या मनात आलं. पण फोटो कुठनं काढला असं कुणी विचारलं तर? मग मोबाइल खिशात गेला आणि दुसरा विचार आला. हा आधी वर गेला तर? झेपमध्ये रांग नाही, हे विक्रमला ठाऊक होतं. पण रांग त्याच्या डोक्यात होती. इथंही हा माझ्यापुढंच?

विक्रम जिन्यानं पळत वर गेला. बाहेर बसलेल्या मुलीला म्हणाला, मला तातडीचं जायचंय, आधी आत घ्या. आत एक गोडबोले साहेब होते. त्यांनी कागद पुढं केला आणि म्हणाले, घाई नाही, दोन दिवस विचार करा, घरी बोला. विक्रम म्हणाला, "नको. आत्ताच." ज्या कागदावर युनियन सोडल्याचं लिहिलं होतं तो त्यानं वाचलासुद्धा नाही. दहा वर्षं विमान चालवणारा माणूस, उडायच्या आधी साधा दिवा लागतो का तेही दोनदा बघणारा, त्यानं न वाचता सही केली.

मग लिफ्टनं खाली आला, छाती काढून सम्राटपुढं उभा राहिला.

"जा आता वर. मी केली सही. हितं तरी मी तुझ्यापुढं."

सम्राट उठला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "विक्या, मी सहीला न्हाई आलो रं. मी बसायला आलोय."

युनियननं ठरवलं होतं, मुलाखती चालतील तितके दिवस खाली एकानं बसायचं. कुणाला अडवायचं नाही, कुणाचं नाव लिहून घ्यायचं नाही, बोलायचंही नाही. आपला माणूस आला की त्याला चहा सांगायचा, एवढंच. चहा पिऊन ज्याला वर जायचं त्यानं जावं. बरेचजण चहा पिऊन परत गेले होते.

"तू येशील असं वाटलं व्हतं," सम्राट म्हणाला, "म्हणून आजची पाळी मी मागून घेतली. तुला चहा मीच सांगायचा म्हणून. तू दिसलाच न्हाईस."

सम्राट पुढं म्हणाला, "अजून काय बिघडलं न्हाई. वर जा, कागद माघारी घे. ते समद्यांनाच दोन दिवस देतात. मी कुणाला बोलत न्हाई. माझ्या पोरीची आण. जा, तवर मी दोन चहा सांगतो."

इथं विक्रमचं सगळं हातात होतं. लिफ्ट समोर उघडी होती. साहेब वर बसलेले होते. त्यानं कागद परत घेतला असता तर रांगेतला त्याचा नंबर, त्याचा शब्द, त्याची माणसं, सगळं जागच्या जागी राहिलं असतं आणि कानोकान कुणाला कळलं नसतं. कळलं असतं फक्त सम्राटला. आणि विक्रमला तेवढंच नको होतं. रोज त्याची पाठ बघायची आणि वर हेही मनात वागवायचं, की ह्यानं मला सांभाळून घेतलं.

"तुझ्या उपकारावर नोकरी करू व्हय?" तो म्हणाला आणि चालता झाला.

यवतला ढाब्यावर गाडी थांबवून त्यानं मला फोन केला. मागं ट्रकांचे हॉर्न वाजत होते. "ताई, मी कॅप्टन झालो." मी अभिनंदन म्हटलं. त्यानं विचारलं, "तुला आनंद न्हाई झाला?" मी म्हटलं, "तुला झालाय का?" तर म्हणाला, "भाकरी लई कडक हाय हितली," आणि फोन ठेवला.

गावात फ्लेक्स लागला. 'कॅप्टन विक्रम मारुतराव फराटे', गॉगल लावलेला फोटो, खांद्यावर चार पट्ट्या. आबांनी पेढे वाटले. विक्रमनं मला एकच विचारलं, केडगाव स्टेशनला सम्राटचा फ्लेक्स लागलाय का. मी नाही म्हटल्यावर त्या दिवसापुरता तो खूश झाला.

झेपमध्ये विमान तेच, आभाळ तेच. पण वेळापत्रक एक साहेब बनवायचा आणि त्याच्या मर्जीतल्यांना बरी बरी उड्डाणं द्यायचा. विक्रमला आडवेळची उड्डाणं यायला लागली. पहिल्याच वर्षी त्याच्या मागनं आलेल्या एका पोराला शिकवणारा कॅप्टन केलं. विक्रमनं साहेबाला विचारलं, तो आधी कसा? साहेब म्हणाला, आमच्याकडे आधी-नंतर असं काही नसतं. विक्रमनं इकडंतिकडं बघितलं. तक्रार कुणाकडं करायची ते त्याला समजेना.

इकडं जुन्या कंपनीत मालक नमले. सगळं मिळालं नाही, पगारात पायलटांना बरंच सोडावं लागलं. पण रांग राहिली. बढत्या सुटल्या. सम्राट डावीकडच्या खुर्चीत बसला. त्या दिवशी ताईबाई माझ्याकडे साखर घेऊन आल्या आणि पोपटमामांच्या आठवणीनं रडल्या, कारण ते बघायला राहिले नव्हते. मीही रडले. माझं रडणं कुणासाठी होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. सम्राटच्या मागचा नंबर विक्रमचा होता.

त्यानंतरची भाऊबीज आली. विक्रमला सुट्टी मिळाली नाही. गुवाहाटीला हॉटेलात होता. दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी तबक घेऊन मोबाइललाच ओवाळलं, तो पलीकडे टोपीऐवजी डोक्यावर रुमाल टाकून बसला. आम्हा दोघांना हसू येईना की रडू येईना. तेवढ्यात आतनं सम्राटचं हसणं ऐकू आलं.

"कोन हसतंय?"

"सम्राट आलाय."

"आज? तो तर उद्या येतो. दर वर्षी उद्या येतो."

"आज आलाय."

"आज कशापायी आलाय?" त्याचा आवाज चढला. "आजचा दिवस माझा हाय!"

मी मोबाइल घेऊन अंगणात आले. इतकी वर्षं मला जे माहीत होतं आणि बोलायचं नाही असं सम्राटनं बजावलं होतं, ते मी सांगून टाकलं. म्हटलं, "विक्रम, भाऊबीजेची सुट्टी तुझ्यासाठी उरत नव्हती. रांगेत तुझ्या लगेच वर एक माणूस व्हता ना, ज्यानं तुझ्याआधी निवडायची? तो ती सोडायचा. दर वर्षी. ताई विक्रमची सख्खी हाय, माझी शेजारची, असं म्हणायचा आन् दुसऱ्या दिवसाची घ्यायचा. आता त्याच्या मागं तू न्हाईस. कुणासाठी सोडायची?"

त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला.

मग तो म्हणाला, "माझ्या ताटात वाढलंस का त्याला?"

"न्हाई. तुझं ताट फडताळात हाय."

"बरं." त्यानं रुमालाची घडी घातली. "ताई, त्याच्या उजवीकडं कोन बसतं आता?"

"गौतमी म्हणून हाय एक पोरगी. तुझ्या मागचा नंबर व्हता तिचा, कॅप्टनची पाळी अजून यायचीय. त्याच्यासंगं बऱ्याचदा असती म्हणं."

"चांगलं उडवती का?"

हा आवाज मला ओळखीचा होता. पेल्याशेजारी गाल टेकवून सायीकडं बघतानाचा. मी दारातनं आत डोकावून सम्राटला विचारलं. तो तूप वाढून घेत होता. म्हणाला, "चांगलं उडवती की. फक्त भांडत न्हाई. करमत न्हाई मला."

मी ते जसंच्या तसं विक्रमला सांगितलं.

"तिला म्हणावं ऊठ तिथनं," विक्रम म्हणाला. "ती खुर्ची माझी हाय, ताई."